कोपऱ्याची पोच

सुहास गमरे टपाल खात्यातून निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्यांच्या टेबलामागच्या खणांत एकही पत्र शिल्लक नव्हते. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. ती त्यांच्या पत्नी सावित्रीबाई सांगत, आणि त्या सांगू लागल्या की सुहासराव खिडकीबाहेर पाहू लागत. याचा अर्थ त्यांना ते ऐकायला आवडत असे.

रत्नागिरीच्या मुख्य टपाल कार्यालयात त्यांनी उभा जन्म सॉर्टिंगमध्ये घालवला. देवरूखचे टपाल देवरूखच्या खणात, राजापूरचे राजापूरच्या, आणि ज्याचा पत्ता लागत नाही ते डाव्या हाताला, दिवसाअखेर पुन्हा एकदा पाहण्यासाठी. हातात आलेले काम हातावेगळे केल्यावाचून उठायचे नाही, हा तेथे लागलेला नियम त्यांनी घरीही आणला. नाचणे रस्त्यावरील त्यांच्या घरात डबे उंचीप्रमाणे उभे असत, छत्र्या लांबीप्रमाणे टांगलेल्या असत, आणि वर्तमानपत्राची घडी वाचून झाल्यावरही न वाचल्यासारखी दिसे. सावित्रीबाईंनी या शिस्तीशी लग्नानंतर पहिल्याच वर्षी तह करून टाकला होता. स्वयंपाकघर त्यांचे, उरलेले घर त्यांच्या यजमानांचे.

या उरलेल्या घरात एक लोखंडी कपाट होते आणि त्यात सुहासरावांची चित्रकथांची पुस्तके होती. शाळेच्या वयापासून जमवलेली, मालिकेप्रमाणे आणि अंकाप्रमाणे लावलेली, प्रत्येक थरात वेखंडाचा एक तुकडा ठेवलेली. लोक त्यांना कॉमिक्स म्हणत, सुहासरावही म्हणत. एवढ्या संग्रहात सर्वांत जुनी आणि त्यांच्या जिवाची प्रत मात्र एकट्याच्या मालकीची नव्हती. ‘वादळ्या तांडेल’ या मालिकेचा तो पहिला अंक होता, आणि त्यात निम्मा वाटा खाडीकाठच्या राजिवड्याच्या अकबर होडेकरांचा होता.

या भागीदारीची हकिकत अशी. दोघे सातवीत होते. एसटी स्थानकावरच्या पुस्तकांच्या दुकानात त्या अंकाची एकच प्रत लोंबकळत होती. दोघांचे हात एकाच वेळी तिच्यावर पडले, दोघांनीही ओढले, आणि मुखपृष्ठाचा खालचा उजवा कोपरा अकबरच्या चिमटीत राहिला. दुकानदाराने दोघांचे कान धरून निम्मे निम्मे पैसे भरायला लावले. रस्त्यात भांडण सुरूच राहिले, ते राजिवड्यापर्यंत पोहोचले. अकबरचे वडील स्वतः मासेमारीच्या मचव्यावरचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. धरून आणलेल्या मासळीचे वाटे घालणे हे त्यांचे रोजचेच काम. त्यांनी पुस्तक पाहिले, कोपरा पाहिला आणि निवाडा दिला:

“बोट एक, वाटेकरी दोन. आमच्या घराला खारा वारा लागतो, तेव्हा पावसात पुस्तक गमऱ्याच्या पोराकडं. दर्या मोकळा झाला की आमच्याकडं. आणि ज्याच्याकडं पुस्तक नाही त्याच्याकडं हा कोपरा. पुस्तक दिल्याशिवाय कोपरा मिळायचा नाही, कोपरा दिल्याशिवाय पुस्तक मिळायचं नाही. आता जेवायला बसा.”

तो निवाडा आजतागायत पाळला गेला. मे महिन्याच्या शेवटी अकबर पुस्तक घेऊन नाचणे रस्त्यावर येत आणि कोपरा घेऊन जात. नारळी पौर्णिमेला सुहास पुस्तक घेऊन राजिवड्यात जात आणि कोपरा घेऊन येत. दोघांपैकी कोणाच्याही घरी त्या दिवशी पूजा नसे. समुद्र त्या दिवशी उघडतो, म्हणून तेवढी तिथी धरलेली. पुढे अकबर मोठ्या बोटींवर नोकरीला लागले आणि जगभर हिंडले. ते नसत त्या वर्षी त्यांची आई, आणि नंतर त्यांच्या पत्नी जन्नतभाभी, पुस्तक देत आणि कोपरा घेत. अकबरांच्या फणसोपच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, आंब्याची कलमे होती. त्यामुळे पहिल्या वर्षीपासून पुस्तक आंब्याच्या लाकडी पेटीत, सुक्या पेंढ्याच्या दोन थरांमध्ये निजून प्रवास करी. हापूसला मुंबईला पोहोचेपर्यंत डाग पडत नाही, तर पुस्तकाला काय होणार, असे अकबरांच्या आईचे म्हणणे होते, आणि ते कधी खोटे ठरले नाही.

मुखपृष्ठावर वादळ्या तांडेल लाटेवर चढलेल्या होडीत उभा असे. उजव्या हातात उंच धरलेला कंदील, डाव्या हातात सुकाणू. सुकाणूचा तो हात नेमका फाटलेल्या कोपऱ्यात होता. त्यामुळे सुहासरावांच्या घरी पावसाळाभर जो वादळ्या राहायला येई त्याच्याजवळ उजेड असे, पण सुकाणू नसे. देवघेवीच्या दिवशी दोघे कोपरा जागेवर बसवून पाहत, मग पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचत. वादळ्या अकबर होत, आणि दुष्ट कप्तान गारगोटी सुहासराव. वय झाले तरी यात बदल झाला नव्हता. जन्नतभाभी म्हणत की टपाल खात्यातल्या इतक्या सभ्य माणसाचा एवढा भेसूर आवाज निघतो तरी कुठून.

गेल्या पावसाळ्यात सुहासरावांना मधल्या पानावर कसरीने पाडलेले छिद्र दिसले. टाचणीच्या टोकाएवढेच होते. परंतु कागदही आता पानगळीतल्या पानासारखा झाला होता, प्रत्येक वाचनाला कडेचा थोडा चुरा मांडीवर पडत असे. त्या छिद्राने त्यांची झोप उडवली. यंदाची नारळी पौर्णिमा ही त्या तिथीची पन्नासावी देवघेव. त्यांची मुलगी मनाली, लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणारी, हिने त्यांना सांगितले की बंगळुरूला एक कंपनी आहे. ती जुन्या कॉमिक्स तपासते, दहापैकी गुण देते आणि कडक पारदर्शक पेटीत कायमची सीलबंद करून परत पाठवते. ओलावा नाही, कसर नाही, पुन्हा चुरा पडणे नाही.

सुहासरावांच्या मनाने लगेच घेतले. पन्नासाव्या देवघेवीला आपण अकबरच्या हातात ते पुस्तक काचेसारख्या पेटीत, गुणांच्या पट्टीसह ठेवू, आणि त्याचा चेहरा पाहू. अकबरला आधी सांगायचे नाही, हे ओघानेच आले. मे महिन्यात पुस्तक घरी आल्यावर आठवडा उलटायच्या आत त्यांनी ते रवाना केले. मनालीने कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून दिली. आठ आठवड्यांत काम होईल, असे तेथे ठळक अक्षरांत लिहिले होते. नारळी पौर्णिमेला त्याहून अधिक अवकाश होता.

संकेतस्थळावर कामाचे पाच टप्पे दिसत: प्राप्त, पडताळणी, प्रतवारी, सीलबंद, रवाना. पुस्तक पोहोचले त्या दिवशी ‘प्राप्त’पुढे हिरवी खूण उमटली. सुहासरावांनी समाधानाने चहा घेतला. दुसऱ्या दिवशी चहानंतर पाहिले, तीच खूण. जून गेला, तीच खूण. जुलै लागला, तरी हिरवा ठिपका पहिल्या टप्प्यावरून हलेना.

“आंब्याची प्रतवारी सकाळी बसून करतात आणि दुपारी गाडी भरतात,” सावित्रीबाई म्हणाल्या. “एका पुस्तकाला एवढा वेळ?”

“अगं, त्याला तज्ज्ञ लागतात.”

“मग तज्ज्ञ गावाला गेले असतील.”

मनालीने त्यांना संग्राहकांच्या एका व्हॉट्सॲप गटात घातले, म्हणजे चार लोकांचा अनुभव कळेल. तो कळला. नागपूरच्या एका गृहस्थांनी लिहिले होते की कॉमिक्स पाठवल्या तेव्हा त्यांच्या मुलाचे लग्न ठरत होते. आता नातीचे बारसे झाले, कॉमिक्स अजून पडताळणीतच आहेत. नाशिकच्या एकाने आपल्या पार्सलचा पहिला वाढदिवस केक कापून साजरा केला होता आणि छायाचित्र कंपनीला पाठवले होते. कंपनीकडून त्याला उत्तरही आले होते: आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कोणी म्हणे, माणसे कमी आहेत; कोणी म्हणे, चांगल्या प्रती ते आधी घेतात; कोणी म्हणे, तक्रार केली की फाईल आणखी खाली जाते. सुहासराव हे सारे चष्मा पुसून पुसून वाचत. इतकी माणसे इतक्या शांतपणे चिडलेली त्यांनी केवळ पेन्शनच्या रांगेत पाहिली होती.

त्यांनीही पत्रे लिहिली. मुद्द्यांना क्रमांक घालून, विषय आणि संदर्भ स्वतंत्र ओळीत देऊन, शेवटी ‘कळावे’ लिहून. प्रत्येक पत्राला तेच उत्तर आले, की आपला संदेश महत्त्वाचा आहे. तिसऱ्या पत्रानंतर त्यांना आपल्याच खात्यातून जन्मभर गेलेल्या छापील कार्डांची आठवण झाली, आणि ती कार्डे हातात घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांबद्दल त्यांना प्रथमच काहीतरी वाटले.

उशीर त्यांना जाचत होता हे खरे. परंतु त्याहून जाचत होते ते निराळेच. अकबरचा अधूनमधून फोन येई. “काय रे, वादळ्या सुखात आहे ना? गळती नाही ना घराला?” आणि सुहासराव म्हणत, “सुखात आहे.” ज्या माणसाने दुसऱ्याचे पत्र कधी चुकीच्या खणात टाकले नाही, त्याने दुसऱ्याच्या मालकीची वस्तू त्याला न विचारता परमुलखात पाठवली होती आणि वर ती घरात आहे असे तो भासवत होता. पन्नास वर्षांत जी देवघेव अकबर हिंदी महासागरात असतानाही चुकली नव्हती, ती आता चुकणार, आणि ती आपल्या हातून. हे त्यांनी सावित्रीबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या:

“मग आजच जा आणि सांगा भाईंना.”

“पुस्तक आलं की सांगेन.”

“पुस्तक आल्यावर सांगायचं काय उरतं?”

सुहासरावांनी खिडकीबाहेर पाहिले. या वेळी मात्र ऐकायला आवडले म्हणून नव्हे.

नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली असता एका दुपारी कंपनीचा फोन लागला. इतक्या वेळा तो न लागण्याची सवय झाली होती की पलीकडून आवाज आला तेव्हा ते फोन ठेवायच्या बेतात होते. बोलणारी मुलगी बेळगावची होती, तिचे नाव दर्शना. मराठी ऐकून तिलाही बरे वाटलेले दिसले. तिने नोंदणीचा क्रमांक विचारला, थोडी खुडबूड ऐकू आली.

“सर, तुमचं पार्सल वेगळ्या कपाटात ठेवलंय. विलगीकरणात.”

“कशात?”

“विलगीकरणात. कोरोनात माणसं ठेवायचे ना, तसं.”

“त्याला काय झालंय?”

“त्यात गवत होतं, सर.”

“गवत नव्हे, पेंढा. भाताचा. स्वच्छ वाळवलेला.”

“तेच. पानं, गवत, लाकूड असलं काही आलं की आम्ही ते पुस्तक बाकीच्यांत मिसळत नाही. कीड असली तर दुसऱ्यांच्या पुस्तकांना लागेल ना.”

“ती आंब्याची पेटी आहे,” सुहासराव म्हणाले. “पेंढा आंब्याला घालतात.”

“आंबापण होता का सर?”

“आंबा नव्हता. पुस्तकच होतं.”

मग ती म्हणाली, “तुम्हाला कळवायला पाहिजे होतं, ते राहून गेलं. सॉरी सर. आता मुदत संपलीय, कीड काही निघाली नाही. आजपासून रांगेत घेते. गर्दी आहे, तीनेक महिने धरा.”

सुहासराव खुर्चीत बसले. दोन महिने ते कंपनीच्या नावाने बोटे मोडत होते, आणि पुस्तक अडले होते ते त्यांच्याच पेंढ्याने. तसे पाहता त्यांनी वेगळे काही केलेच नव्हते. ते पुस्तक पन्नास वर्षे ज्या पेटीतून जात-येत होते, त्याच पेटीतून त्यांनी पाठवले. दुसऱ्या कशातून ते पाठवता येते, हे त्यांच्या मनातच आले नव्हते.

“अजून एक, सर,” दर्शना म्हणाली. “कव्हरचा खालचा कोपरा नाहीये. तुकडा तुमच्याकडं असेल तर आत्ताच पाठवून द्या. एकदा सील झालं की मग जोडता येत नाही. पेटी उघडली तर गुण रद्द होतात.”

“तुकडा आहे. पण माझ्याकडे नाही.”

“मग राहू द्या. थोडे गुण कमी होतील इतकंच. तुकडा ज्यांच्याकडं आहे त्यांनी ठेवावा की आठवण म्हणून.”

सीलबंद याचा अर्थ सुहासरावांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. त्यासाठीच तर सगळे केले होते. परंतु पुस्तक बंद होईल, एवढाच विचार त्यांनी केला होता. कोपरा कायमचा बाहेर राहील, हे त्यांच्या ध्यानात आलेच नव्हते. पुढच्या मे महिन्यात अकबर काय घेऊन येणार, आणि त्याला आपण काय देणार? कप्तान गारगोटीने मग कोणापुढे गुरगुरायचे? प्लास्टिकच्या पेटीतला वादळ्या तांडेल कसरीपासून सुरक्षित राहिला असता, पण हातात सुकाणू नसलेलाच.

“ते पुस्तक तसंच परत पाठवा,” ते म्हणाले.

“गुण न देता?”

“न देता. आजच निघेल का?”

“उद्या सकाळी नक्की काढते, सर. आणि ती लाकडी पेटी...”

“तिचं काय?”

“ती टाकून दिली.”

दर्शनाने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी हिरवा ठिपका मधले तीन टप्पे ओलांडून एकदम ‘रवाना’वर जाऊन बसला. सुहासरावांनी जन्मभराच्या अनुभवाने वाट मोजली: बंगळुरू, कोल्हापूर, तेथून घाट उतरून रत्नागिरी. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हाती पडायला हरकत नव्हती. त्या आदल्या दिवशी आंबा घाटात दरड आली आणि वरची वाहतूक थांबली. टपालाची गाडी घाटापलीकडे उभी होती. यात कोणाचाच दोष नव्हता, आणि म्हणून कोणाला पत्रही लिहिता येत नव्हते.

पौर्णिमेला दुपारी सुहासराव राजिवड्यात निघाले. सावित्रीबाईंनी दरवर्षीप्रमाणे ओल्या नारळाच्या वड्यांचा डबा दिला. दुसरा हात दरवर्षी पेटीने भरलेला असे, तो आज रिकामा. उतारावरून खाडी दिसू लागली. बोटी रंगवून, पताका लावून सज्ज होत्या. तो रिकामा हात कुठे ठेवावा हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

अकबरभाई ओटीवर बसले होते. समोर स्टुलावर कोपरा ठेवायची छोटी डबी काढून ठेवलेली. सुहासरावांनी पायऱ्या चढता चढताच सांगायला सुरुवात केली आणि बसेपर्यंत सारे सांगून टाकले: कसरीचे छिद्र, कंपनी, गुण, सीलबंद पेटी, उशीर, दरड. फोनवर ‘सुखात आहे’ म्हटले तेही. क्रमाने, काही न गाळता.

अकबरभाईंनी डबी उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“मला विचारलंस?” ते शेवटी म्हणाले.

“नाही.”

“निम्मं माझं आहे.”

“आहे.”

“आणि कायमचं बंद करणार होतास. उघडायचं नाही, वाचायचं नाही.”

“टिकावं म्हणून, अकबर. चुरा व्हायला लागलाय त्याचा.”

“चुरा तुझाही व्हायला लागलाय. तुला पेटीत घालायचं का?”

आतून जन्नतभाभी हसल्याचे ऐकू आले. अकबरभाई मात्र हसले नाहीत. खाडीकडे पाहत राहिले. सुहासरावांना वाटले की उठून जावे, पण वड्यांचा डबा अजून दिलेला नव्हता. तो मांडीवर तसाच राहिला होता.

“एवढा वेळ कशानं लागला त्यांना?” अकबरभाईंनी खाडीकडे पाहतच विचारले. “तू तर म्हणतोस आठ आठवडे सांगितलेले.”

हा भाग सुहासरावांनी घाईत ‘काही तांत्रिक अडचण’ म्हणून उरकला होता. आता त्यांनी तो नीट सांगितला.

“पेटीतून पाठवलंस?” अकबरभाईंनी मान वळवली. “आपल्या पेटीतून?”

“हो.”

“पेंढ्यासकट?”

“पेंढ्यासकट.”

“अरे मेल्या,” अकबरभाई म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यांना कंप सुटला. “जन्मभर लोकांची पार्सलं हाताळलीस. मला विचारायचंस ना. आमची बोट ऑस्ट्रेलियाला लागायची तेव्हा बुटाच्या तळाला चिकटलेलं गवत काढून घ्यायचे ते लोक. एकदा माझ्या ट्रंकेतला आम्मीनं घातलेला कडुनिंबाचा पाला बघून मला चार तास बसवून ठेवला होता. आणि तू अख्खी गंजी पाठवलीस.”

“दोन थरच होते.”

“दोन थर म्हणे. ऐकलंस का गं जन्नत? वादळ्या तांडेलाला क्वारंटाईन केला. बोट, दर्या सगळं ओलांडून आला आणि पेंढ्यात सापडला.”

जन्नतभाभी चहा घेऊन बाहेर आल्या, त्यांनी सुहासरावांच्या मांडीवरून डबा उचलला आणि म्हणाल्या, “भावजी, ह्यांना विचारलं असतंत तर ह्यांनी तुम्हाला पाठवूच दिलं नसतं. म्हणून नाही ना विचारलंत?”

सुहासरावांनी यावर थोडा विचार केला. प्रश्न न्याय्य होता. “म्हणूनच,” ते म्हणाले.

अकबरभाईंनी वडीचा तुकडा मोडला. “हे बघ, आज पुस्तक नाही, तर कोपराही नाही. माझ्या बापाचा निवाडा आहे, मी मोडणार नाही. पण चहा पी. चहाबद्दल त्याने काही सांगितलेलं नाही.”

अशा रीतीने पन्नासावी देवघेव चुकली. सुहासराव संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतले. आश्चर्य असे, की वाटेत त्यांना त्या हाताचे काय करावे हा प्रश्न पडला नाही.

घाट मोकळा झाला आणि पार्सल आले. पोस्टमन त्यांच्या जुन्या ओळखीचा होता. त्याने ते हातात देताना म्हटले, “साहेब, तुमचंच टपाल लेट.” सुहासरावांनी सही केली, वेळ घातली आणि पार्सल न उघडता तसेच राजिवड्याला नेले. उघडण्याचा निम्मा हक्क दुसऱ्याचा होता.

अकबरभाईंनी चाकूने चिकटपट्टी कापली. पुठ्ठा, त्याच्या आत फुग्यांचे प्लास्टिक, त्याच्या आत पातळ पारदर्शक पिशवी, आणि पिशवीत वादळ्या तांडेल, कंदील उंच धरून. अकबरभाईंनी पिशवीत नाक घातले.

“वास गेला,” ते म्हणाले.

“कसला?”

“आंब्याचा. पेंढ्याचा. आता दवाखान्याचा वास येतोय.”

“येईल परत.”

“तो तर येईलच. मे महिन्यात नवी पेटी घालतो. पेंढाही घालणार. बंगळुरू थोडंच आहे वाटेत.”

मग डबी उघडली गेली आणि कोपरा जागेवर बसला. नेहमीप्रमाणे फटीतून एक रेघ राहिली, आणि नेहमीप्रमाणे अकबरभाईंनी ती अंगठ्याने झाकली. होडी लाटेवर चढली. वाचन सुरू झाले. बाराव्या पानाशी कप्तान गारगोटी आपले काळे जहाज घेऊन येतो; तेथे सुहासरावांनी घसा खाकरला आणि असा काही आवाज काढला की शेजारच्या ओटीवरची कोंबडी उडाली. कसरीचे छिद्र आले तेव्हा अकबरभाईंनी ते उजेडाकडे धरले, त्यातून एक डोळा मिटून खाडी पाहिली आणि पान उलटले. कडेचा चुरा दोघांच्याही मांडीवर पडला. जन्नतभाभींनी तो नंतर झटकून टाकला.

शेवटच्या पानानंतर अकबरभाई म्हणाले, “तुझ्या त्या कंपनीनं गुण दिले नाहीत ना? मग तूच दे. दहापैकी. तुला सगळं नीट लावता येतं.”

सुहासरावांनी चष्मा पुसला. पुस्तक हातात घेऊन पुढून, मागून, आतून पाहिले. घाई केली नाही.

“मागचं पान सुटं झालंय,” ते म्हणाले. “दोन पानांवर हळद. एक पान कसरीनं खाल्लेलं. टाचणी गंजलेली. कव्हरचा कोपरा फाटका. तीन.”

“आणि कोपरा जागेवर धरला तर?”

“कोपरा धरून...” सुहासरावांनी पुस्तक पुन्हा उजेडात धरले. “साडेतीन.”

“कंजूष आहेस,” अकबरभाई म्हणाले, आणि कोपरा डबीत घालून त्यांच्या हातात दिला.

परतताना उतार चढून वर आल्यावर सुहासरावांनी खिशातली डबी एकदा चाचपून पाहिली. खाली बोटी निघाल्या होत्या. रात्री जेवणानंतर त्यांनी मोबाईल पाहिला तर गटातल्या नागपूरच्या गृहस्थांनी विचारले होते: गमरे साहेब, तुमचे आले म्हणे? किती गुण मिळाले?

त्यांनी उत्तर लिहिले, वाचले, विरामचिन्हे तपासली आणि पाठवले: ‘साडेतीन. वेळेत मिळाले.’ मग दुसरे वाक्य त्यांना खटकले. ते त्यांनी खोडले, त्या जागी ‘दोन दिवस उशिरा मिळाले’ असे घातले, आणि डबी कपाटात, पुस्तकाच्या रिकाम्या जागी, नीट सरळ करून ठेवली.